मोराच्या पत्त्यांची भिंत

आदल्या वर्षीचं नोहाचं तारू अजून चर्चच्या मागच्या पडवीत उभं होतं आणि त्यात पाळकसाहेबांच्या दोन कोंबड्या अंडी घालत होत्या.

तारू सुताराने केलं होतं, अगदी फळ्यांचं. खऱ्या पुरात सोडलं असतं तरी तरलं असतं. फक्त ते करण्याआधी चर्चचं दार कुणी मोजलं नव्हतं. त्यामुळे शब्बाथशाळेचं, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या पोरांचं, नाटक अंगणात झालं, आणि रविवारी चर्चमध्ये येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी ते खिडकीतून पाहिलं. मग सांगोल्याजवळच्या वाडीत तेच नाटक दाखवायचं ठरलं होतं, म्हणून चौघांनी तारू हातगाडीवरून एसटी स्टँडवर नेलं. कंडक्टरने आधी तारवाकडे पाहिलं, मग एसटीकडे, आणि म्हणाला, "ह्यातच बसून जावा की."

वाडीची पोरं त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फाट्यावर वाट पाहत उभी होती, हे एस्तेरबाईंना नंतर पत्रातून कळलं. दुष्काळाचं साल होतं ते. पोरांना टँकरशिवाय दुसरं काही पाहायला मिळत नव्हतं. एस्तेरबाईंनी उलट टपाली लिहिलं की पुढच्या वर्षी नाटक येईल, नक्की येईल. एस्तेरबाई नगरपालिकेच्या शाळेत चौथीला शिकवत आणि रविवारी चर्चची शब्बाथशाळा चालवत. एकदा लिहून दिलेलं खोडायची त्यांना सवय नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत त्या पाळकसाहेबांकडे गेल्या.

"यंदा तीन अटी आहेत, बाई," पाळकसाहेब म्हणाले. "पैसा लागता कामा नये. सामान एसटीच्या टपावर चढलं पाहिजे. आणि एका माणसाला उचलता आलं पाहिजे."

"आणि पडलं पाहिजे," एस्तेरबाई म्हणाल्या.

"काय पडलं पाहिजे?"

"भिंत. यंदा यरीहोची गोष्ट घेतेय."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ती प्रार्थना होती की आणखी काही, ते कळलं नाही.

यरीहो म्हणजे तटबंदीचं शहर. यहोशवा आपली माणसं घेऊन सात दिवस त्याच्याभोवती फेऱ्या घालतो, सातव्या दिवशी याजक कर्णे फुंकतात, लोक एकदम आरोळी ठोकतात आणि तट कोसळतो. पोरांनी ही गोष्ट एकमताने निवडली होती, कारण तीत सगळ्यांना ओरडायला मिळत होतं.

खजुराची झाडं लगेच झाली. मोडक्या छत्र्या दांड्यासकट वाळूच्या डब्यात रोवायच्या, काड्यांना हिरव्या चिंध्या बांधायच्या. प्रयोग झाला की छत्री मिटली, झाड मिटलं. कर्ण्यांसाठी घराघरातून रॉकेल ओतायची नरसाळी गोळा झाली. अडलं ते भिंतीपाशी. पोती लावून पाहिली, ती पडण्याऐवजी दमलेल्या माणसासारखी खाली बसली. वनस्पती तुपाचे डबे रचले. ते झकास कोसळले, पण एक डबा यहोशवा झालेल्या शमुवेलच्या अंगठ्यावर पडला आणि इस्राएल लोकांचा सेनापती दोन दिवस शाळेला गेला नाही. चादरी टांगल्या. चादरींना सोलापुरात तोटा नव्हता. पण चादर गळून पडते, कोसळत नाही.

एस्तेरबाई राहायच्या ती गल्ली मागवाल्यांची. दिवसभर खट्याक खट्याक चालू असायचं, आणि माग बंद पडला तरच लोक दचकून बाहेर येत. शेजारच्या घरात नरसय्या राहायचे. वय पंचावन्नच्या पुढे, डोळे अधू झालेले, घरात तेलुगू, गल्लीत मराठी. गुरुसिद्धप्पांच्या चादरीच्या कारखान्यात ते पत्ते पाडायचे. पत्ता म्हणजे हातभर लांब, चार बोटं रुंद अशी जाड पुठ्ठ्याची पट्टी, तिच्यात ओळीने भोकं. मागावरच्या जेकार्डला, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्राला, कुठला धागा उचलायचा, कुठला खाली ठेवायचा, ते ही भोकं सांगतात. असे तीनशेवीस पत्ते दोऱ्याने एकाला एक ओवले की त्यातून एक मोर तयार होतो, नाहीतर गुलाब, नाहीतर कमळ. नरसय्यांची गल्लीत एकच फुशारकी होती. "तीस वर्षांत माझा एक पत्ता चुकला न्हाई," असं ते लग्नातही सांगत आणि मयतीतही.

त्यांच्याकडे जुनी धोतरं मागायला एस्तेरबाई गेल्या, तेव्हा ते स्टुलावर चढून खुंटीवरच्या पत्त्यांच्या माळा झटकत होते. एक माळ हातातून सुटली. खड खड खड खड करत वरपासून खालपर्यंत घडीवर घडी पडत आली आणि जमिनीवर तिचा नीट ढीग झाला.

एस्तेरबाई उंबऱ्यातच थांबल्या. "मामा, ते परत पाडा."

"चुकून पडलं, बाई."

"मग आता मुद्दाम पाडा."

नरसय्यांनी पाच वेळा पाडून दाखवलं. सहाव्या वेळी त्यांनाच गंमत वाटायला लागली होती.

"ह्या मोराच्या माळा," ते म्हणाले. "मालकांनी बंद करून चार वरीस झाली. आता समदे गुलाब मागतेत. कारखान्यात जागा न्हाई म्हणून मी घरी आणून ठेवलंय. न्या तुमी. पण दोरा काढू नका हां, आन पत्ता दुमडू नका."

"रंगवले तर?"

"रंगवा की. मोर काय आता नाचणार हाय?"

मोराच्या त्या तीनशेवीस पत्त्यांच्या मिळून नऊ माळा होत्या. माणसापेक्षा थोड्या उंच. बांबूवर शेजारी शेजारी टांगल्या की बारा फुटांची भिंत उभी राहायची, दोरी ओढली की कोसळायची, आणि पडल्यावर सगळी भिंत एका गोणपाटात मावायची. बांबू तेवढा न्यायला नको, तो कुठल्याही गावात मिळतो. एस्तेरबाईंनी गोणपाट स्वतः उचलून पाहिलं. मग पाळकसाहेबांना उचलायला लावलं.

रंगाला गेरू आणला. पण नुसत्या पाण्यातला गेरू हाताला लागायचा, आणि पहिल्याच तालमीनंतर दहा पोरांच्या आया एस्तेरबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. तेव्हा बाईंना वाटलं ते सोलापुरात कुणालाही वाटलं असतं. गल्लीत घराघरात खळ शिजायची, सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात ती. बाईंनी बादलीभर खळ आणली, तीत गेरू कालवला आणि पोरांना कुंचे दिले. रंग असा बसला की नखाने निघेना. ज्याने त्याने आपापल्या मनाच्या विटा काढल्या. कुणाच्या पावाएवढ्या, कुणाच्या वडीएवढ्या. रिबकाने राहाबची खिडकी काढली, कारण नाटकात यरीहोच्या तटावर राहणारी राहाब तीच होती.

"बाई, राहाब काय काम करायची?" तिने विचारलं.

"खाणावळ चालवायची," एस्तेरबाई चटकन म्हणाल्या. बायबलात तिला वेश्या म्हटलंय, पण ते पोरीला सांगण्यासारखं नव्हतं.

"भाकरी असायची का भात?"

"दोन्ही. विटा काढ."

खळीने पत्त्यांची भोकं बुजली, हे बाईंच्या लक्षात आलं होतं. उलट त्या खूश झाल्या. मागचा उजेड दिसत नव्हता, भिंत भरीव वाटत होती.

चर्चमधला प्रयोग फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी झाला. सात फेऱ्या झाल्या, सात नरसाळी वाजली, पोरांनी आरोळी ठोकली आणि भिंत खडखडत खाली आली. पहिल्या बाकावरच्या आजीबाई दचकून "आमेन" म्हणाल्या. पाळकसाहेबांनी आभाराचं भाषण केलं आणि शेवटी, ज्यांना मागून दिसलं नसेल त्यांच्यासाठी, असं म्हणून भिंत पुन्हा एकदा पाडायला लावली. ते स्वतः मागे कुठेच बसले नव्हते.

पुढच्या शनिवारी सकाळी एस्तेरबाई सोळा पोरं, आठ छत्र्या आणि एक गोणपाट घेऊन एसटी स्टँडवर उभ्या होत्या. तेवढ्यात नरसय्या धोतराचा सोगा हातात धरून धावत आले. त्या वयाचा माणूस धावताना दिसला की काहीतरी वाईट झालेलं असतं.

"बाई, मोर."

"काय झालं मोराला?"

"मोर परत निघाला." ते श्वास घ्यायला थांबले. "बेळगावच्या व्यापाऱ्याला मोराचीच चादर पायजे. सोमवारी सकाळी मागावर चढवायचं. मालक इचारले, पत्ते हायत का? मी म्हनलो, नरसय्याच्या घरी हायत म्हंजे बँकेत हायत."

एस्तेरबाईंनी गोणपाटाचं तोंड सोडलं आणि वरची माळ काढून त्यांच्या हातात दिली. नरसय्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, मग बोटं फिरवली. एका भोकावर बोट थांबलं. दुसऱ्यावर थांबलं.

"खळ घातली?" त्यांनी हळूच विचारलं.

"रंग टिकावा म्हणून."

"टिकला की." ते गोणपाटावरच बसले. "बुजलेल्या भोकातनं सुई जात न्हाई. निम्मी भोकं बुजली म्हंजे निम्मा मोर. तीस वर्षं मी..." पुढचं वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं, पण त्या दिवशी ते पुरं झालं नाही.

एस्तेरबाई हिशेब करू लागल्या. गोणपाट मामांना देऊन टाकावं, तर वाडीची पोरं दुसऱ्यांदा फाट्यावर उभी राहणार. गोणपाट घेऊन जावं, तर ह्या माणसाचं तीस वर्षांचं नाव सोमवारी सकाळी कारखान्यात सगळ्यांसमोर जाणार, तेही बाईंच्या एका बादली खळीपायी.

"घेऊन जा, मामा," त्या म्हणाल्या. "आम्ही भिंतीशिवाय करू."

"घरी नेऊन काय करू? हजारो भोकं. डोळे असे. दोन दिवसांत एकटा मोराचे पायसुद्धा मोकळे करायचा न्हाई." नरसय्यांनी सोळा पोरांकडे पाहिलं. "ह्यांना किती हात हायत?"

"बत्तीस."

"मग मीच येतो. वाटेतच सुरू करू."

सुया, दाभणं, विणायच्या काड्या, रिबकाच्या आईची केसातली पिन, जे मिळालं ते घेऊन ते एसटीत चढले. नरसय्यांनी सगळ्यांना समजावलं. रंग एकाच अंगाला आहे, तेव्हा पत्ता उलटा धरायचा, मागून भोक ओळखू येतं. जिथे भोक बुजलंय तिथेच टोचायचं. "नवं भोक पाडायचं न्हाई. एक नवं भोक म्हंजे एक धागा भलतीकडं उचलला."

एसटी खड्ड्यात गेली की सगळे हात वर करायचे, ही शिस्त शमुवेलने लावली. "खड्डा," असं तो ओरडला की बत्तीस हात वर. मंगळवेढ्यापर्यंत बाकीचे उतारूही टोचायला लागले होते. एक म्हातारा पागोटं सावरत म्हणाला, "हे कशापायी करायचं, ते सांगितलं तरी बरं होईल." सांगितल्यावर तो म्हणाला, "आसं व्हय. मग द्या अजून एक."

तिकिटं फाडून झाल्यावर कंडक्टर आला. हा तोच, गेल्या वर्षीचा. थोडा वेळ पाहत राहिला आणि मग त्याने खिशातून तिकिटं टोचायचा चिमटा काढला.

"एवढं कशाला टोकरताय? आणा हिकडं. एका दाबात गोल भोक पडतंय."

नरसय्यांनी माळ छातीशी धरली. "तुमी तिकिटं टोचा, साहेब. मोर आमी बघतो."

"मोर?" कंडक्टर एस्तेरबाईंकडे वळला. "गेल्या साली नाव व्हती न्हवं?"

वाडीत पोहोचले तेव्हा जेमतेम तिसरा हिस्सा मोकळा झाला होता. फाट्यावर पोरं उभी होती, आदल्या वर्षापेक्षा वीतभर उंच झालेली. त्यांनी गोणपाट बघितलं आणि एकाने निराश होऊन विचारलं, "एवढंच आणलंया?"

प्रयोग चार वाजता झाला, वाडीतल्या छोट्या चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत. चर्चला येणारी सात घरं, पण नाटकाला सगळी वाडी आणि शेजारची धनगरवस्ती आली. समोरच्या रांगेत केराबाई नावाची एक मेंढपाळ म्हातारी, गुडघे पोटाशी घेऊन, तंबाखू मळत बसली. पन्नास-साठ मेंढ्या तिच्या पाठीमागे सोडलेल्या. ऊन भिंतीच्या मागून येत होतं, आणि मोकळ्या झालेल्या भोकांतून त्याचे ठिपके पोरांच्या अंगावर सांडत होते. सोलापुरात भिंत भरीव दिसली होती. इथे ती चाळणीसारखी झगमगत होती, आणि एस्तेरबाईंना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की ही जास्त छान आहे.

नरसाळी निघाली तशी केराबाईने विचारलं, "ते तेल वतायचं न्हवं?"

"एडक्याची शिंगं आहेत असं समजायचं, आजी," एस्तेरबाई कुजबुजल्या.

"शिंगं मागायची की मला. घरात ढीग हाय."

मग आरोळी झाली. वस्तीची माणसं मेंढरं हाकताना ओरडतात तशी तीही सगळी ओरडली. भिंत कोसळली आणि मेंढ्या चौखूर उधळल्या. त्या गोळा करण्यात अर्धा तास गेला. सगळे परत आल्यावर केराबाई म्हणाली, "बांदली कुणी ती? नुसतं वरडल्यानं पडती म्हंजे गवंडी चोर असनार."

त्यानंतर नरसय्यांची अडचण सगळ्यांना सांगितली गेली. कुणी फार विचारपूस केली नाही. दोन पोरं बांधावर गेली आणि बाभळीचे काटे घेऊन आली. सरळ, बोटाएवढे, टोकाला सुईसारखे. मेंढीच्या खुरातला काटा काढणारी ती माणसं, त्यांचे हात पाहून नरसय्या थक्क झाले. रविवारी सकाळी उपासना झाली, आणि चर्चसमोरच्या लिंबाखाली पन्नास-साठ माणसं मांडीवर पत्ते घेऊन पुन्हा बसली. माळ एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर सरकत जायची. मायाक्का नावाची एक सून एवढ्या झपाट्याने टोचायची की नरसय्यांनी तिला विचारलं, "कारखान्यात येतीस का?" त्यावर तिची सासू म्हणाली, "न्या. खाती लई."

दुपारी केराबाई कंटाळली.

"एकेक काय करत बसलाय," म्हणत तिने पाच पत्ते घडी घालून एकावर एक ठेवले, गुडघ्यावर दाबले आणि एक जाडजूड काटा आरपार घातला.

शेजारी एस्तेरबाई होत्या. त्यांच्या हातातलं दाभण थांबलं. "आजी, तिथं भोक होतं ना?"

केराबाईने पत्ता उन्हासमोर धरला. "आता हाय की."

"आधी होतं का?"

"आदी म्या बगितलं न्हाय."

ते पाच पत्ते एस्तेरबाई हातात घेईपर्यंत माळ पुढे ओढली गेली होती. हजारो भोकांतलं ते पाच भोकांचं कोडं पुन्हा सापडेना. परतीच्या एसटीत त्यांनी नरसय्यांना सांगितलं. न सांगून चालणार नव्हतं, त्याच रविवारी त्यांनी खरेपणाचा पाठ घेतला होता. नरसय्यांनी माळ मांडीवर ओढली. सोलापूर येईपर्यंत ते आंधळ्याने जप करावा तसे एकेका पत्त्यावरून बोटं फिरवत राहिले. स्टँडवर उतरताना म्हणाले, "सापडत न्हाई. मागावर चढल्यावर कळंल."

सोमवारी एस्तेरबाईंनी मधल्या सुट्टीत वर्ग शेजारच्या बाईंकडे सोपवला आणि चपला फटफटवत कारखाना गाठला. माळा जेकार्डवर चढल्या होत्या. नरसय्या मागाशेजारी असे उभे होते की जणू आत आपरेशन चाललंय. दुसऱ्या बाजूला गुरुसिद्धप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे, हात पाठीमागे. मालक मोठ्याने बोलत नसत. त्यामुळे लोक जास्त घाबरत.

खट्याक, खट्याक. पत्ता पुढे सरकायचा आणि चादरीवर एक ओळ चढायची. मोराचे पाय आले. शेपूट आली, डोळा डोळा मोजून घ्यावा अशी. छाती आली. एस्तेरबाईंना वाटलं, केराबाईने बरोबरच भोक मोकळं केलं असणार, म्हातारी माणसं चुकत नाहीत. मान आली. चोच आली. आणि चोचीच्या पुढे बोटभर अंतरावर, जिथे काहीच नसायला हवं होतं तिथे, एक ठिपका आला. ज्वारीच्या दाण्याएवढा.

नरसय्यांनी त्यावर बोट ठेवलं. बहुतेक झाकायलाच ठेवलं होतं.

"एन्री नरसय्या," गुरुसिद्धप्पांनी वाकून कानडीत हाक दिली, "बोट काढा बघू."

बोट निघालं. मालकांनी चष्मा लावला. नरसय्यांनी एस्तेरबाईंकडे पाहिलं, एस्तेरबाईंनी मोराकडे पाहिलं.

"हे काय?"

"दाणा हाय, अप्पा."

"चार वर्षांमागं न्हवता."

"तवा दुष्काळ न्हवता की." नरसय्यांचा आवाज अगदी सरळ होता. "चार वरीस उपाशी हाय बिचारा. समोर दाणा ठेवला."

माग थांबला. कारखान्यातले दोन-तीन कारागीर मुद्दाम दुसरीकडे पाहायला लागले. गुरुसिद्धप्पांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि मोराकडे पाहिलं. मग आधी त्यांचं पोट हललं आणि नंतर ते हसत असल्याचं कळलं.

"आसू द्या," ते म्हणाले. "बेळगाववाल्याला सांगतो, जुना मोर न्हाई, जेवता मोर हाय." वळता वळता ते थांबले आणि जेकार्डकडे बोट केलं. "आन पत्ते तांबडे कशानं झाले?"

आता मात्र नरसय्यांचा चेहरा पडला. एस्तेरबाईंनी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकायचं, खळीसकट, असं त्यांनी ठरवलंच होतं. पण नरसय्यांनी आधी उत्तर दिलं.

"गेरू हाय, अप्पा. वाळवी लागत न्हाई."

गुरुसिद्धप्पा एस्तेरबाईंकडे वळले. "व्हय बाई? तुमी शिकलेल्या. गेरूनं वाळवी लागत न्हाई?"

एस्तेरबाईंनी क्षणभर विचार केला. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं, आणि देवाच्या दयेने बोलावंही लागलं नाही.

"आमच्या चर्चच्या खांबांना दरवर्षी गेरू लावतात," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांच्या वेळचे खांब आहेत. अजून वाळवी लागलेली नाही."

"बघा," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "मग बाकीच्या माळा का तशाच ठेवल्यात? समद्यांना लावून टाका."

बाकीच्या माळा त्रेचाळीस होत्या. नरसय्यांनी मान डोलावली. "लावू की, अप्पा," ते म्हणाले. "पाण्यात कालवून. लई पातळ."

संध्याकाळी ते एस्तेरबाईंच्या पायरीवर येऊन बसले. बाईंनी चहा दिला आणि बशी हातात देताना म्हणाल्या, "मामा, माझ्यामुळं तुमचा एक पत्ता चुकला."

"एक न्हाई, पाच." नरसय्यांनी चहा फुंकला. त्यांनी भोकांवर डकवायला कागदाचे पाच बारीक तुकडे कापून ठेवले होते, पण मालकांनी दाणा राहू द्यायला सांगितला होता. "आता काय सांगायचं लोकांना, त्येच कळंना. तीस वर्षांत पाच, हे ऐकायला बरं न्हाई लागत."

"तीस वर्षांत एकही नाही, असंच सांगा. ते पाच पत्ते केराबाईंचे."

हा हिशेब नरसय्यांना पटला. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात त्यांनी तो वापरलाही.

त्या मागावरून उतरलेली पहिली चादर नमुन्याची म्हणून नरसय्यांना मिळाली. त्यांनी ती घडी करून ठेवली, आणि पुढच्या वर्षी शब्बाथशाळेची पोरं वाडीला निघाली तेव्हा एस्तेरबाईंच्या गोणपाटात वरच ठेवून दिली. खालची भिंत ह्या खेपेला खरोखर टाकाऊ झालेल्या कमळाच्या पत्त्यांची होती. कंडक्टरने गोणपाट स्वतः टपावर चढवलं आणि विचारलं, "आज टोचायचं न्हाई?"

केराबाई समोरच्या रांगेतच होती, ह्या वेळी मेंढ्या लांब बांधून. एस्तेरबाईंनी चादर तिच्या मांडीवर उलगडली आणि चोचीपुढचा दाणा दाखवला.

"हा तुमचा, आजी. तुम्ही टोचलेला."

केराबाईने बोटाने दाणा चाचपला. चादरभर नजर फिरवली. वरच्या कडेला मोरांची ओळ होती, खालच्या कडेला दुसरी, आणि प्रत्येक मोरासमोर एकेकच दाणा. तिच्या कपाळाला आठी पडली.

"एवढ्या थोराड पाखराला येकच?" ती म्हणाली. "पत्ते आणलं आस्तील तर द्या हिकडं. मूठभर टाकते."